बुलडॉगला खायला काय द्यावं? आधी माप, मग पिशवी

भुसावळच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. घरात आठ महिन्यांचा इंग्लिश बुलडॉग, नाव बंडू, वजन २४ किलो. दुकानदाराने बुलडॉगचं चित्र असलेली महागडी पिशवी गळ्यात मारली. त्यातलं सकाळी दोन वाट्या, संध्याकाळी दोन वाट्या. दुपारी आई वाटीभर म्हशीच्या दुधात दोन पोळ्या कुस्करून घालते. वडील चहाबरोबर चार-पाच बिस्किटं देतात. रविवारी मटण, आणि 'रक्त वाढतं' म्हणून आठवड्यातून तीन-चारदा कलेजी. इतकं करून बंडू सकाळचं नीट खात नाही, गॅस एवढा सोडतो की पाहुणे उठून गॅलरीत जातात, आणि कान सतत खाजवतो. झोपेत घोरतो ते वेगळंच, पण 'बुलडॉग आहे, घोरणारच' असं सगळे म्हणतात. तर आता कुठलं फूड आणावं, की घरचंच सुरू करावं?

भाऊ, मी धुळ्यात बावीस वर्षं जनावरं तपासते. सुरुवातीची वर्षं गाई-म्हशी-शेळ्यांत गेली. कुत्री दवाखान्यात यायला लागली ती नंतर, आणि बुलडॉग तर अगदी अलीकडे. पण तक्रार सगळ्यांची एकच असते. दारातूनच आवाज येतो, 'डॉक्टर, हाऊ काहीच खास नई!' (अहिराणी न येणाऱ्यांसाठी: आमच्याकडे 'खास' म्हणजे 'खातो'.) मग मी त्या 'न खाणाऱ्या'ला काट्यावर चढवते आणि काटा तीस दाखवतो.

तुमचा खरा प्रश्न कुठली पिशवी हा नाहीच. बंडूच्या पोटात दिवसभरात एकूण किती जातं हे तुमच्या घरात कोणालाच माहीत नाही, प्रश्न तिथे आहे. तुम्ही लिहिलेल्यावरूनच हिशोब मांडून बघू.

एका वाटीत कोरडं फूड साधारण ८० ते ९० ग्रॅम मावतं. चार वाट्या म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. बहुतेक कोरड्या फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, तेव्हा हे झाले तेराशे. वाटीभर म्हशीचं दूध दोनशे. दोन पोळ्या, तेल-तूप धरून, पुन्हा दोनशे. पाच बिस्किटं शंभर-सव्वाशे. कलेजी-मटण बाजूलाच ठेवू. बेरीज अठराशेच्या पुढे गेली.

आता गरज किती ते बघा. आम्ही जे गणित वापरतो त्यात कुत्र्याच्या वजनाचा ०.७५ हा घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. निवांत पडून राहिलेल्या शरीराची गरज त्यातून कळते, आणि वय-हालचाल बघून ती दीडपट, पावणेदोनपट, वाढत्या लहान पिल्लासाठी त्याहूनही जास्त धरतात. बंडू आज २१ किलोच्या आसपास असायला हवा होता असं धरलं तर निवांत गरज ६८० ते ६९० कॅलरी येते. आठव्या महिन्यात वाढीचा मोठा भाग उरकलेला असतो, आणि बुलडॉग काही शेतात ससे पळवत नाही. म्हणजे अकराशे ते बाराशे पुरे. तुम्ही त्याची दीडपट देताय. तो सकाळचं खात नाही कारण त्याला भूक लागलेली नसते, एवढं साधं आहे.

यात एक मेख आहे. मी बंडूला पाहिलेलं नाही. इंग्लिश बुलडॉगच्या पूर्ण वाढलेल्या नराचं वजन २३ ते २५ किलो असतं, मादीचं त्याहून कमी. आठव्या महिन्यातच २४ म्हणजे मला जास्त वाटतं, पण हाडापेराने दणकट पिल्लंही असतात. म्हणून आकड्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा. तुमचा डावा हात टेबलावर पालथा पसरा आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्या डाव्या हाताच्या पाठीवरची हाडं चाचपा. पातळ कातडीखाली ती लगेच लागतात. बंडूच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळून उंचवटे चाचपल्यासारखं लागत असेल तर तो बारीक आहे, आणि तळहाताच्या गादीतून हाडं शोधावी लागत असतील तर जाड. बुलडॉगची कातडी सैल आणि छाती रुंद असल्यामुळे नुसतं बघून फसायला होतं, मीही फसलेय. चाचपा.

वजनाचा एवढा धोशा का, तर घोरण्याकडे या. बुलडॉगचं तोंड चपटं करताना माणसाने हाडं आखूड केली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. नाकपुड्या अरुंद, टाळूचा पडदा लांब आणि जाड, श्वासनलिका बारीक. माणसाला घाम येतो, कुत्रा मात्र मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. धापा टाकायची वाटच जिथे चिंचोळी, तिथे गळ्याभोवती चरबी साठली की काय होईल? आणि आपण राहतो कुठे, तर भुसावळ-जळगावात, जिथे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. लॅब्राडोर पाच किलोने जाड झाला तर त्याचे गुडघे दुखतील. बुलडॉग पाच किलोने जाड झाला तर एखाद्या मेच्या दुपारी लाइट गेल्यावर तो जीवानिशी जाऊ शकतो. माझ्याकडे असा एक आलेला आहे. ३१ किलोचा, घरातला लाडका, सकाळी नऊला फिरवून आणला तेवढंच निमित्त. जीभ जांभळी पडलेली होती. ताप मोजला तर १०८, फॅरनहाइट. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो. घरच्यांनी त्याला ओल्या चादरीत गुंडाळून बंद गाडीत आणलं होतं, आणि ती चादर वाटेतच गरम झाली होती. आधी घरीच पाणी ओतून, पंखा लावून गार करायचं आणि मग निघायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तो वाचला नाही. त्या दिवसापासून बुलडॉग आला की पिशवीबद्दल बोलण्याआधी मी काटा पुढे ओढते.

मात्र बंडूला एकदम उपाशी टाकू नका. तो अजून वाढतोय. वजन उतरवायचं नाही, आहे तिथे थोपवायचं आणि वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत अंगाला त्या वजनाशी जुळू द्यायचं. दिवसाला ३०० ते ३२० ग्रॅम फूड, तेही वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलून. सकाळीच दिवसभराचं एका डब्यात काढून ठेवा. घरातल्या कोणीही काहीही द्यायचं ते त्या डब्यातूनच. डबा रिकामा झाला की दुकान बंद. एकत्र कुटुंबात हाच एक उपाय चालतो, कारण प्रत्येकाला वाटतं आपण देतो ते 'थोडंसंच' आहे. नसबंदी केलीत तर गरज आणखी वीस-तीस टक्क्यांनी घटते, तेव्हा पुन्हा मोजा.

आता पिशवी. तुमच्या दुकानदाराने फसवलंय असं मी म्हणणार नाही. बुलडॉगसाठी म्हणून काढलेल्या फूडमध्ये दाण्याचा आकार वाकडा-नागमोडी ठेवलेला असतो, कारण याचा खालचा जबडा पुढे असतो आणि सपाट गोल दाणा त्याला उचलता येत नाही. सोय चांगली आहे, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत एवढी नाही. साधं फूड पसरट परातीत पसरून दिलं तरी तेच साधतं. आमच्या एका क्लायंटने जुनी लाकडी काठवट काढली, भाकरीचं पीठ मळायची. त्यात दाणे विरळ पसरले की बुलडॉगला एकेक शोधत खावं लागतं, घशात हवा कमी जाते आणि पाहुणे गॅलरीत जात नाहीत. (लाकूड धुऊन उन्हात वाळवायला मात्र हवं, नाहीतर बुरशी. स्टीलची परात सगळ्यात बरी. प्लास्टिक नको, त्यावर ओरखडे पडून घाण बसते आणि हनुवटीवर पुटकुळ्या येतात.)

पिशवीच्या पुढच्या बाजूचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. हा 'संपूर्ण व संतुलित' आहार आहे की नुसता पूरक, आणि कुठल्या वयासाठी, हे पहिलं. बंडूला पिल्लांसाठीचं किंवा 'सर्व वयोगटांसाठी'चं लागेल. पाणी वजा करून मोजलं तर वाढत्या पिल्लाच्या फूडमध्ये प्रथिनं किमान २२.५ टक्के आणि चरबी ८.५ टक्के असावी असा अमेरिकेत मानला जाणारा दंडक आहे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला १८ आणि ५.५. या किमान रेषा आहेत. त्यांच्यावर कितीही गेलं की जास्त चांगलं, असं नाही. १०० ग्रॅमला कॅलरी किती ते छापलेलं नसेल तर मी ती पिशवी घेत नाही, कारण मग मोजायचं कशाच्या आधारावर?

'ग्रेन-फ्री'चं खूळ आता आपल्याकडेही आलंय. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने अशा, म्हणजे धान्य काढून वाटाणा-मसूर-हरभरा भरपूर घातलेल्या, फूडचा आणि हृदय फुगण्याच्या आजाराचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. ठोस कारण सिद्ध झालेलं नाही. पण धान्य काढून फायदा होतो हेही नाही. 'कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला भाकरी कशाला' असं म्हणणाऱ्यांना मी सांगते की २०१३ मध्ये एक संशोधन झालं, त्यात कुत्र्याच्या शरीरात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. आपल्या चुलीपाशी हजारो वर्षं बसल्याचा परिणाम आहे तो.

आणि भाऊ, पोत्यातून सुटं, किलोवर मिळणारं फूड घेऊ नका. पत्र्याच्या दुकानात, आपल्याकडच्या उन्हात, उघड्या पोत्यातल्या दाण्यावरची चरबी खवट होते. वास घेऊन बघा, जुन्या शेंगदाण्यासारखा येतो. घरी आणलेली पिशवी तशीच्या तशी डब्यात ठेवायची, फोडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवायची.

कलेजीवर थांबते, कारण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट ती आहे. बुलडॉगच्या जातीत एक आनुवंशिक दोष आढळतो, डाल्मेशियनमध्ये तर तो जवळजवळ सगळ्यांत असतो. या कुत्र्यांच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त उतरतं आणि त्याचे युरेट खडे बनतात. सगळ्या बुलडॉगांत हा दोष नसतो, आनुवंशिक चाचणीने कळतो. पण कलेजी, गुर्दा, भेजा या गोष्टींत युरिक ॲसिड तयार करणारा माल भरपूर असतो. ज्याच्यात दोष आहे त्याला रोज कलेजी म्हणजे आगीत तेल. चार वर्षांचा एक नर बुलडॉग आला होता, सकाळपासून पाय वर करून उभा राहायचा आणि थेंबही पडत नव्हता. एक्स-रेत काही दिसलं नाही, कारण हे खडे बहुतेकदा एक्स-रेत उमटतच नाहीत. सोनोग्राफीत दिसले. ऑपरेशन करून काढले तेव्हा ट्रेमध्ये मुगाचे दाणे सांडल्यासारखे दिसत होते, गुळगुळीत, हिरवट-तपकिरी. मालक म्हणाले, 'मॅडम, रोज पाव किलो कलेजी घालतो, काही कमी पडू देत नाही.' बंडू नर आहे. नराची मूत्रनलिका एका हाडाच्या खोबणीतून जाते, तिथे मुगाएवढा खडाही बूच बसवतो. तेव्हा कलेजी बंद. लघवी करताना कुथणं, थेंबथेंब किंवा लालसर लघवी दिसली तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

याच्याच पोटात पाण्याचा विषय येतो. खड्यांवर सगळ्यात स्वस्त औषध पातळ लघवी. कुत्र्याला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी दिवसाला लागतं, म्हणजे बंडूला सव्वा लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. आमच्याकडे धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही, भुसावळचं तुम्हाला माहीत. पण बंडूचं भांडं दिवसातून तीनदा बदललंच पाहिजे, माठातल्या पाण्याने. कोरडं फूड कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून दिलं तर पाणी आपोआप पोटात जातं आणि ठसकाही लागत नाही.

घरचं सुरू करावं का? माझं मत: आता नको, वर्षाचा झाल्यावर विचार करा. घरचं अन्न वाईट म्हणून नाही. पण वाढत्या हाडांना कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण जुळलेलं लागतं, आणि ते घरी जुळवणं अवघड असतं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नावाला. अशा मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं काडीसारखी मोडलेली मी पाहिलीत. उलट बाजूने, संपूर्ण फूड चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप पाजणं तितकंच चुकीचं. लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम शोषलं जाणं नीट थांबवता येत नाही. कपाटात ती बाटली असणारच, तेवढी बंद करा. दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाला प्रथिनं कमी पडतात, आणि वय वाढलं की बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. गॅसचं निम्मं कारण मला तुमच्या त्या वाटीभर दुधात दिसतं. द्यायचंच तर दोन चमचे दही, बिनमिठाचं.

२०१३ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या लोकांनी कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या दोनशे पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि यांतल्या कितीतरी पाककृती डॉक्टरांनीच लिहिलेल्या होत्या. तेव्हा मी पुढे जे लिहिते तेही खाली मान घालून लिहिते. वर्षभराच्या पुढच्या, साधारण २३-२४ किलोच्या, निरोगी बुलडॉगसाठी एक अंदाज: शिजवलेलं बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन ३०० ग्रॅम, मऊ भात २५० ग्रॅम किंवा तेवढ्याच कॅलरीची ज्वारीची भाकरी कुस्करून, लाल भोपळा-गाजर-दुधी मिळून १०० ग्रॅम उकडून, एक उकडलेलं अंडं, चमचाभर तेल. या हजारेक कॅलरी झाल्या. त्यात अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड अर्धा ते पाऊण चहाचा चमचा, कॅल्शियमसाठी. तरी जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमीच राहतं. ते भरून काढणारी, घरच्या जेवणात मिसळायची कुत्र्यांसाठीची पावडर डॉक्टरांकडून लिहून घ्यावी लागते, आणि ती रोज घालावी लागते. दोन महिन्यांनी 'पावडर संपली, पण आता बरा आहे' असं होणार असेल तर पिशवीच बरी. कळण्याची भाकरी नको, त्यात उडीद असतो आणि तुमच्या गॅसला ते निमंत्रण.

जळगाव-धुळ्यात शाकाहारी घरंही पुष्कळ, आणि तिथून हमखास विचारणा होते. कुत्रा मांसाशिवाय जगू शकतो, मांजर नाही. संपूर्ण म्हणून लिहिलेलं शाकाहारी फूड मिळतं, त्यावर निरोगी राहिलेली कुत्री माझ्याकडे आहेत. अंडं चालत असेल तर फारच सोपं. गंमत म्हणजे ज्या बुलडॉगला युरेट खड्याचा त्रास आहे त्याला अंडी आणि पनीर हीच प्रथिनं आम्ही सुचवतो. फक्त वरण-भातावर मात्र कुत्रा निभत नाही.

ताटातलं उष्टं हा आमच्या खान्देशाचा खास रोग. इथे अन्न तिखट, काळ्या मसाल्याचं, आणि कांदा-लसणाशिवाय पान हलत नाही. शेवभाजीचा रस्सा, भरताचं भांडं पुसून घेतलेली भाकरी, खिचडीवरची फोडणी. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, आणि शिजवल्याने त्याचं विष जात नाही. मनुका-बेदाणे मूत्रपिंड बिघडवतात. चॉकलेट, आणि शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉल, हेही विषच. मटणावरची तर्री आणि चरबी स्वादुपिंडाला सूज आणते. शिजलेलं हाड तुकडे पडून आतड्यात रुततं, त्यामुळे रविवारचं मटण म्हणजे बिनहाडाचे, बिनमसाल्याचे दोन तुकडे, आणि तेही त्या डब्यातले तेवढे दाणे कमी करून.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की मला धडकी भरते. उन्हाचा कडाका, लेकी माहेरी आलेल्या, घरात मांडे, आमरस, सांजोऱ्या. प्रत्येक पाहुणी 'एवढंसं' देते. आणि आंब्याची कोय! चोखून टाकलेली कोय कुत्रा अख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकते. दोन दिवस उलट्या, मग ऑपरेशन. त्या दिवसांत कोयींची बादली झाकणाची ठेवा, एवढं ऐका.

केळी चालते. रावेर-यावलच्या शेजारी राहून कुत्र्याला केळी नाही म्हणणं बरं दिसत नाही. पण एका मध्यम केळीत शंभरेक कॅलरी असतात, म्हणजे बंडूचा दिवसभराचा सगळा खाऊ तेवढ्यात संपला. अर्धी केळी, चकत्या करून, शिकवताना बक्षीस म्हणून. काकडी किंवा बिया काढलेल्या टरबुजाच्या फोडी फ्रिजमध्ये गार करून दिल्यात तर उन्हाळ्यात त्याहून बरं.

कानाचं राहिलं. तुम्ही फूड बदलायला निघालात ते बहुधा कानामुळेच. इथे बऱ्याचदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होतं. खाज खाण्याची असू शकते, पण धुळीची, गाजर गवताची, पावसाळ्यातल्या यीस्टचीही असू शकते, आणि बुलडॉगच्या घड्यांत ओल राहिली तर नुसती तेवढ्यानेही. आधी कान तपासून घ्या, कानातला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाच मिनिटं लागतात. खाज बारा महिने असेल, पंजेही चाटत असेल, तर मग खाण्याची परीक्षा. ती म्हणजे दर पंधरा दिवसांनी नवी पिशवी आणणं नव्हे. त्याने कधीच न खाल्लेलं एक प्रथिन, किंवा डॉक्टरांनी दिलेलं बारीक तुकड्यांत फोडलेल्या प्रथिनाचं फूड, आठ आठवडे, दुसरं काहीही नाही. चवीची जंताची गोळीसुद्धा नाही. खाज कमी झाली तर जुनं फूड पुन्हा द्यायचं, खाज परत आली तरच ते कारण. रक्ताच्या किंवा केसांच्या तपासणीवर यासाठी पैसे घालवू नका. ही परीक्षा दहापैकी सहा घरांत वडिलांच्या एका बिस्किटापाशी मोडते, म्हणून घरच्यांची तयारी असेल तेव्हाच सुरू करा.

जेवणानंतर तो अन्न परत काढतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बुलडॉगमध्ये हे फार आढळतं. पोट न खेचता, कसलाही आवाज न करता, न पचलेलं अन्न तसंच बाहेर येतं. ती उलटी नव्हे, अन्ननलिकेचा दोष असतो, आणि ते अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. तसं असेल तर दिवसाचं चार वेळा विभागून द्या आणि दाखवून आणा. नसेल तर दोनदाच: सकाळी सहाला फिरून आल्यावर धाप बसली की, आणि रात्री साडेआठनंतर. भर दुपारी जेवण नको.

उन्हाळ्यात भूक थोडी मंदावली तर घाबरू नका, माणसाचीही मंदावते. दुसरं फूड आणलंच तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात मिसळत. आज एक, उद्या दुसरं असं केलं की जुलाब, आणि मग जुलाबाचं खापर नव्या पिशवीवर फुटतं.

आता या आठवड्यात करायचं ते. जवळच्या भुसार दुकानात धान्याच्या काट्यावर बंडूला उभं करा, दवाखान्यातल्या काट्यावर थरथर कापतो म्हणून मी बऱ्याच जणांना तेच सांगते. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा. आईंना 'पोळी बंद' असं सांगू नका, त्या ऐकणार नाहीत आणि लपवून देतील. पाव पोळी, दूध न घालता, दुपारी त्यांच्याच हातून द्या, आणि त्या बदल्यात डब्यातून सात-आठ ग्रॅम दाणे कमी करा. वडिलांच्या बिस्किटांच्या जागी बंडूचेच दाणे बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवा. चहाच्या वेळी डब्याचं झाकण वाजलं की कुत्रा खूश असतो, आत काय आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. दोन महिन्यांचे चार आकडे झाले की इथेच लिहा, सोबत वरून आणि बाजूने काढलेला एकेक फोटो. मग पिशवीबद्दल बोलू.